बायबलमधल्या हिब्रू गावांची नावं: अर्थ काय, आली कुठून, आणि लोक नेहमी काय विचारतात

बायबलमधल्या गावांच्या नावांबद्दल ठरावीक प्रश्न फिरून फिरून येतात, काही बायबल स्टडीमधून, काही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डखाली "हे खरं आहे का हो?" म्हणून. ते सगळे इथे एकत्र केलेत. नावं मराठी बायबलमध्ये जशी आहेत तशीच ठेवलीत (यरुशलेम, यार्देन, कफर्णहूम वगैरे), मूळ हिब्रू उच्चार लागेल तिथे वेगळा सांगितलाय. प्रश्नांना क्रम असा काही नाही, हवा तिथून वाचा.

बायबलमध्ये गावाच्या नावाचा जो अर्थ दिलाय तोच खरा अर्थ ना?

बऱ्याचदा हो, बऱ्याचदा अर्धा, आणि कधीकधी अजिबात नाही. खरं तर इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. गोष्ट सांगणारा त्या नावातून काय ऐकतोय हा एक, आणि ते नाव भाषेच्या हिशोबाने कुठून आलं हा दुसरा. हे दोन वेगळे ठेवले की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

बाबेलचंच बघा. उत्पत्तीच्या ११व्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्यांच्या भाषेत देवाने घोटाळा केला म्हणून गावाचं नाव बाबेल, कारण हिब्रूत 'बालल' म्हणजे मिसळणं, घोटाळा करणं. पण खुद्द बाबेलचे लोक आपल्या शहराला 'बाब-इली' म्हणायचे, त्यांच्या अक्कादी भाषेत देवाचं दार. (अरबीतला 'बाब' म्हणजे दार तो याचाच भाऊ, बाब-अल-मंदेब या सामुद्रधुनीच्या नावात आहे तो.) म्हणजे ज्यांनी देवाचं दार म्हणून मिरवलं त्यांना हिब्रू लेखकाने घोटाळेबाज करून टाकलं, हा टोमणा आहे आणि मुद्दाम मारलेला आहे. गंमत पुढे आहे, 'देवाचं दार' हासुद्धा बहुतेक अक्कादी लोकांनी आणखी जुन्या कुठल्यातरी नावाला नंतर चिकटवलेला अर्थ असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

मग बायबल चुकीचं सांगतंय असं म्हणायचं का?

नाही हो. त्या काळी नावावरून शब्दखेळ करणं ही सांगण्याची पद्धतच होती, कोणी डिक्शनरी लिहायला बसलं नव्हतं. मीखा संदेष्ट्याचा पहिला अध्याय वाचा, शेवटची पाच-सहा वचनं तर नुसती गावांच्या नावांवरच्या कोट्यांनी भरलीत. बेथ-अफ्रा, म्हणजे ज्या नावात धूळ ऐकू येते, तिथल्या लोकांना तो सांगतो धुळीत लोळा. अखजीब नावाचं गाव इस्राएलच्या राजांना 'अखजाब' ठरेल, म्हणजे फसवं. भाषांतरात हे सगळं वाहून जातं, त्यामुळे तो अध्याय मराठीत वाचताना मध्येच एवढी गावं का येतात हेच कळत नाही, आणि चूक वाचणाऱ्याची नसते.

बैर-शेबा म्हणजे सात विहिरी की शपथेची विहीर?

'बैर' म्हणजे विहीर, यात वाद नाही आणि विहीर एकच आहे, त्यामुळे सात विहिरी हा अर्थ बाजूला ठेवा. वाद 'शेबा'चा. हिब्रूत 'शेवा' म्हणजे सात आणि शपथ घेणे या क्रियापदाची मूळ अक्षरंही तीच. उत्पत्ती २१मध्ये दोन्ही एकाच दमात येतात, अब्राहाम गरारच्या राजाला, अबीमलेखाला, सात मेंढ्या वेगळ्या काढून देतो, का तर ही विहीर मी खणली याला साक्ष म्हणून, आणि मग दोघं शपथ घेतात, आणि म्हणून नाव बैर-शेबा. लेखकाला एक अर्थ निवडायचाच नाहीये. पुढे २६व्या अध्यायात इसहाकाचे नोकर विहीर खणतात, पाणी लागतं, तो तिला शिबा म्हणतो आणि गावाचं तेच नाव पुन्हा एकदा पडतं. एका नावाला दोन गोष्टी, बाप आणि मुलगा दोघांच्या. गावोगाव जुन्या नावांचं असंच होतं.

तिथला जुना टेकाडाचा भाग आज युनेस्कोच्या यादीत आहे, मगिद्दो आणि हासोरबरोबर २००५ साली घेतला.

विहिरींची नावं एवढी का येतात?

कारण पाणी! त्या भागात पाऊस थोडा, मेंढरं भरपूर, त्यामुळे विहीर कोणाची यावरून मारामाऱ्या. त्याच २६व्या अध्यायात गरारच्या खोऱ्यात इसहाकाचे नोकर एक विहीर खणतात, तिथले गुराखी म्हणतात पाणी आमचं, इसहाक तिला नाव देतो एसेक, म्हणजे भांडण. दुसरी खणतात, परत तेच, ती सितना, म्हणजे वैर (सैतान हा शब्द याच मुळातला आहे, तो 'विरोध करणारा'). तिसरीवर कोणी भांडायला येत नाही, तिचं नाव रहोबोथ, मोकळी जागा. तीन नावांत अख्खी केस आली, तक्रारीपासून निकालापर्यंत.

वाळवंटातल्या प्रवासातली नावंही याच जातीची. मारा म्हणजे कडू, पाणी पिता येईना म्हणून. मरीबा म्हणजे तंटा.

'बेथ'ने सुरू होणारी इतकी गावं कशी काय?

बेथ म्हणजे घर. आजच्या हिब्रूत 'बेत', अरबीत 'बैत'. नावाच्या पुढच्या भागावरून तिथे काय पिकतं, काय आहे किंवा कोणता देव पूजला जायचा ते कळतं. बेथफगे म्हणजे कच्च्या अंजिरांचं घर, बेथ-शेमेश सूर्याचं घर, बेथ-दागोन दागोन देवाचं घर.

असेच आणखी काही तुकडे माहीत झाले की नकाशा वाचायला मजा येते. 'एन' म्हणजे झरा, म्हणून एन-गेदी म्हणजे करडाचा झरा, आणि तिथे रानबकऱ्या आजही दिसतात. 'किर्याथ' म्हणजे नगर, 'कफर' म्हणजे खेडं, 'गथ' म्हणजे द्राक्षं किंवा जैतून चुरडायची घाणी. रामा म्हणजे उंचावरची जागा. गेबा, गिबा आणि गिबोन ही तिन्ही वेगवेगळी गावं आहेत, एकमेकांपासून फार लांबही नाहीत आणि तिन्हींचा अर्थ टेकडी, त्यामुळे शमुवेलाचं पुस्तक वाचताना डोकं चक्रावलं तर घाबरू नका, जुनी हस्तलिखितं उतरवून काढणाऱ्यांचीही यात गल्लत झालेली दिसते.

बेथलेहेम म्हणजे 'भाकरीचं घर' हे नक्की?

हिब्रूत हो, 'लेहेम' म्हणजे भाकरी. पण अरबीत गावाचं नाव बैत लहम, आणि अरबीत 'लहम' म्हणजे मांस, म्हणजे तोच शब्द आणि अर्थ वेगळा. मुळात हा शब्द 'मुख्य अन्न' अशा अर्थाचा असावा, शेतकऱ्यांकडे तो भाकरी झाला आणि मेंढपाळांकडे मांस, असं सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. लहामू नावाच्या मेसोपोटेमियातल्या देवावरून नाव पडलं अशीही एक थिअरी आहे, मला ती कमजोर वाटते.

रूथच्या पुस्तकाची सुरुवात या अर्थाने परत वाचून बघा. भाकरीच्या घरात दुष्काळ पडतो, आणि नाओमीचं कुटुंब भाकरीच्या शोधात परमुलखात मवाबात जातं. लेखकाने एका शब्दाने सांगितलं नाही, पण हिब्रू ऐकणाऱ्याला ते टोचणारच.

बेथलेहेम दोन होती हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, दुसरं उत्तरेला जबुलून वंशाच्या वाट्यात (यहोशवा १९). म्हणून मीखा दक्षिणेकडच्या, यहूदातल्या गावाला मुद्दाम 'बेथलेहेम एफ्राथा' म्हणतो, आपल्याकडे नाही का, एकाच नावाची दोन गावं असली की खुर्द आणि बुद्रुक लावतात. आणि २०१२ साली यरुशलेमच्या उत्खननात मातीचा एक छोटासा शिक्का सापडला, इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकातला, त्यावर बेथलेहेमचं नाव आहे. बायबलबाहेर त्या काळातला या नावाचा तो पहिला पुरावा.

बेथेलचं नाव आधी लूज होतं, मग होशेय त्याला बेथ-आवेन का म्हणतो?

याकोब दगडाला उशाला घेऊन झोपला, शिडी दिसली, सकाळी उठून दगडावर तेल ओतलं आणि म्हणाला हे देवाचं घर, बेथ-एल. हे झालं उत्पत्ती २८. पुढे राज्याची फाळणी झाल्यावर यराबाम राजाने तिथेच सोन्याचं वासरू उभं केलं, म्हणजे यरुशलेमला कोणी जाऊ नये. होशेय संदेष्टा यावर इतका चिडलाय की 'एल' काढून 'आवेन' लावतो, देवाच्या घराचं झालं अधर्माचं घर. आज एखाद्या नेत्याचं किंवा पार्टीचं नाव मोडून टोपणनाव करतात ना, तीच धार. (घोळ एवढाच की यहोशवाच्या पुस्तकात बेथेलजवळ बेथ-आवेन नावाची वेगळी जागाही आहे.)

यरुशलेम म्हणजे 'शांतीचं शहर', बरोबर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर लांब आहे.

नाव हिब्रूपेक्षा जुनं आहे. इजिप्तमध्ये शत्रूंची नावं मातीच्या भांड्यांवर आणि मूर्तींवर लिहून ती फोडायची पद्धत होती, अशा शापाच्या लेखांत इ.स.पू. १९व्या-१८व्या शतकाच्या आसपास 'रुशलिमुम' असं नाव येतं. मग इ.स.पू. १४व्या शतकातली, इजिप्तमध्ये अमार्नाला सापडलेली पत्रं, त्यात 'उरुसलिम', आणि तिथला राजा अब्दी-हेबा इजिप्तच्या फारोला कळकळीने लिहितोय की मदत पाठवा. दावीद राजा यायला अजून तीनशेच्या वर वर्षं आहेत.

अर्थाबद्दल बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं असं की पहिला भाग 'पाया घालणे' या धातूचा आणि दुसरा 'शालेम' नावाचा कनानी देव (कनानी म्हणजे इस्राएली लोकांच्या आधीपासून तिथे राहणारे), संध्याकाळचा. म्हणजे शालेमने वसवलेलं गाव. या शालेमची आणि 'शालोम' म्हणजे शांती या शब्दाची मूळ अक्षरं एकच, त्यामुळे शांतीचा अर्थ काही हवेतून आलेला नाही, आणि तो जुनाही आहे, नव्या करारात इब्री लोकांस पत्रात मलकीसदेकाला 'शालेमचा राजा म्हणजे शांतीचा राजा' म्हटलंय. पण गावाचं नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यात शांती होती असं सांगता येत नाही.

यहुदी रब्बींची गोष्ट मला सगळ्यात आवडते. अब्राहामाने इसहाकाच्या बळीच्या जागेला 'यिरे' नाव दिलं (तेच ते 'यहोवा यिरे', जे आपल्याकडे भक्तिगीतांत आणि गाड्यांच्या काचांवर असतं), आणि नोहाचा मुलगा शेम याने त्याच जागेला 'शालेम' म्हटलं. देव म्हणाला, एकाचं ठेवलं तर दुसरा नाराज, दोघंही नीतिमान, तर दोन्ही नावं जोडू, यिरे-शालेम. भाषाशास्त्र म्हणून शून्य मार्क, पण गोष्ट म्हणून फुल.

अजून एक. मोशेच्या पाच पुस्तकांत यरुशलेम हे नाव एकदाही येत नाही. शालेम येतं, मोरिया येतं, 'देव निवडील ते ठिकाण' येतं, पण हे नाव नाही. तपासून बघा.

हिब्रूत 'येरुशलायिम' म्हणतात, ते 'आयिम' काय आहे?

हिब्रूत जोडीच्या वस्तूंना तो प्रत्यय लागतो, डोळे, हात वगैरे. शहर दोन कसं? वरचं आणि खालचं, पृथ्वीवरचं आणि स्वर्गातलं, असे अर्थ लोकांनी काढलेत. पण जुन्या हस्तलिखितांत मूळ अक्षरं बहुतेक सगळीकडे 'येरुशलेम' अशीच आहेत, 'आयिम'साठी लागणारं जादा अक्षर अगदी मोजक्या ठिकाणी आहे, म्हणजे उच्चार नंतर बदलला. मराठी बायबलमधलं यरुशलेम हे जुन्या उच्चाराच्या जास्त जवळ आहे म्हणायला हरकत नाही.

इंग्लिशमध्ये जेरुसलेम, जॉर्डन, आपल्याकडे यरुशलेम, यार्देन. बरोबर कोण?

आपण. हिब्रूत ज हा आवाजच नव्हता. लॅटिनमध्ये 'य'साठी जे अक्षर होतं त्याचा उच्चार पुढे युरोपातल्या काही भाषांत बदलून ज झाला आणि इंग्लिशने तो घेतला. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळावरून मराठी भाषांतर केलं, तेव्हा मराठीला इंग्लिशच्या उच्चारांची उसनवारी करायची गरज कधीच नव्हती.

यार्देनचा अर्थ राहिला. बहुतेक 'उतरणे' या धातूवरून, आणि नदी उतरते पण तशीच, मृत समुद्राला मिळते तिथे पातळी समुद्रसपाटीच्या खाली ४०० मीटरहून जास्त.

इस्राएली गावांना कनानी देवांची नावं कशी चालली?

चालली कारण गावं आधीची. नवीन माणसं आली, देव बदलला, पण गावाचं नाव लोकांच्या तोंडी बसलेलं असतं. यिर्मया संदेष्टा मूर्तिपूजेविरुद्ध आयुष्यभर ओरडला आणि त्याचं स्वतःचं गाव अनाथोथ, ज्यात अनाथ नावाची कनानी देवी आहे. बेथ-होरोनमध्ये होरोन देव आहे. यरीहो बहुतेक 'यारेह' म्हणजे चंद्रावरून (दुसरं मत सुगंधावरून, 'रेह'). कोणाला ते खटकल्याचं दिसत नाही, जसं आपण शनिवार म्हणताना शनीची पूजा करत नसतो.

गावांची नावं बदलायचे का?

खूप, आणि कारणं आजच्यासारखीच, राजकारण आणि मालकी.

शोमरोनचा किस्सा तर सरळ प्रॉपर्टी डील आहे. अम्री राजाने शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार (त्या काळचं वजन) चांदीला डोंगर विकत घेतला आणि राजधानी बांधून तिला जुन्या मालकाचं नाव दिलं (१ राजे १६). राजाने स्वतःचं नाव न देता विकणाऱ्याचं दिलं हे जरा विचित्रच आहे. त्यात 'शामार' म्हणजे पहारा देणे हा शब्द आहे आणि डोंगर पहाऱ्याला उत्तम, तेव्हा नाव आधीच असेल आणि शेमेरची गोष्ट नंतर जुळली असेल अशी शंका घ्यायला जागा आहे. लईशचं दान झालं कारण दान वंशाने ते जिंकलं. हेब्रोन आधी किर्याथ-आर्बा. हेब्रोन 'हावेर' म्हणजे सोबती, मित्र या मुळाचं, आणि अरबीत त्याच गावाचं नाव अल-खलील, तेही मित्र, कारण अब्राहाम देवाचा मित्र.

शखेम म्हणजे खांदा, दोन डोंगरांच्या मधलं गाव. रोमन लोकांनी शेजारी नवीन शहर वसवलं, ग्रीकमध्ये निआपोलिस, नवं शहर. अरबीत प नाही, त्याचं झालं नाब्लुस. इटलीतलं नेपल्स हेही तेच नाव! आणि ही दोन्ही 'नवी' शहरं आता चांगलीच जुनी झाली, नाब्लुस जवळजवळ दोन हजार वर्षांचं आणि नेपल्स त्याहूनही जुनं. यरुशलेमचंही नाव हेड्रियन बादशहाने दुसऱ्या शतकात बदलून एलिया कापितोलिना केलं होतं. आणि हे आधुनिक काळातही थांबलं नाही, १९४९ला इस्राएल सरकारने नेगेवमधल्या जागांना हिब्रू नावं द्यायला कमिटी नेमली, त्यात पुष्कळ अरबी नावं नकाशावरून गेली.

नव्या करारातली नावं पण हिब्रूच का?

बरीचशी अरामी (हिब्रूची बहीण, येशूच्या काळी तिथे बोलली जाणारी भाषा), किंवा दोन्हींच्या मधली. कफर्णहूम म्हणजे नहूमचं खेडं. गेथशेमाने म्हणजे तेलाची घाणी, जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याला दुसरं काय असणार. गुलगुथा अरामी, कवटी, त्याचं लॅटिन भाषांतर कॅल्व्हरी. बेथेस्दा बहुतेक दयेचं घर, म्हणून हॉस्पिटलांना हे नाव देतात.

दोन भाषा एकाच जागी बघायच्या तर उत्पत्ती ३१ काढा, लाबान आणि याकोब दगडांची रास करतात, सासरा तिला अरामीत 'यगर-सहादूथा' म्हणतो आणि जावई हिब्रूत 'गलेद', दोन्हींचा अर्थ साक्षीची रास. सहादूथातलं मूळ अरबीतल्या शहादतीचं, म्हणजे आपल्या 'शहीद'चं.

नासरेथ जुन्या करारात नाहीच, मग ते गाव होतं का?

होतं, फक्त एवढं लहान की कोणी नोंद घेतली नाही. १९६२ साली कैसरियाला एका शिलालेखाचे तुकडे मिळाले, त्यात याजकांची घराणी कुठे कुठे राहायची ती यादी आहे आणि नासरेथ आहे. स्पेलिंगही महत्त्वाचं, कारण त्यावरून मूळ शब्द 'नेत्सेर' म्हणजे अंकुर, फुटवा, किंवा 'नात्सार' म्हणजे राखणे असावा हे पक्कं होतं. मत्तय म्हणतो संदेष्ट्यांनी सांगितलं होतं की त्याला नासोरी म्हणतील, आणि असं वचन जुन्या करारात शोधून सापडत नाही, तेव्हा बहुतेक तो यशया ११मधल्या इशायाच्या बुंध्याला फुटणाऱ्या 'नेत्सेर'कडे बोट दाखवतोय.

जहन्नम हा शब्द बायबलमधला आहे म्हणे?

हो! यरुशलेमच्या दक्षिणेला हिन्नोमची दरी आहे, हिब्रूत 'गे-हिन्नोम'. यिर्मयाच्या काळी तिथे तोफेथ नावाच्या जागी मुलांचे अग्नीत बळी द्यायचे, योशिया राजाने ती जागा भ्रष्ट करून बंद पाडली. त्या दरीचं नाव पुढे शिक्षेच्या जागेला लागलं, ग्रीकमध्ये गेहेन्ना, अरबीत जहन्नम, मग फारसी-उर्दूवाटे आपल्या शिव्यांत. आज तिथे गवत आहे, झाडं आहेत, लोक फिरायला जातात.

तिथे सतत जळणारा कचऱ्याचा डेपो होता असं प्रत्येक प्रवचनात सांगतात. ही माहिती साधारण इ.स. १२००च्या सुमाराच्या एका रब्बींच्या टीकेत येते, येशूच्या काळातला पुरावा नाही, तर जरा जपून.

हर्मगिदोन ही लढाई आहे की जागा?

जागा, प्रकटीकरणाच्या पुस्तकात शेवटच्या लढाईसाठी राजे जमतात ती. 'हर' डोंगर, मगिद्दो गाव. फक्त मगिद्दोला डोंगर नाही, शहरावर शहर बसून झालेलं टेकाड आहे, वीसहून जास्त थरांचं. इजिप्तहून उत्तरेला जाणारा रस्ता तिथून जायचा म्हणून लढाया तिथेच. इ.स.पू. १५व्या शतकात थुतमोस तिसरा लढला, योशिया राजा तिथेच मेला, आणि १९१८ला ब्रिटिश जनरल अ‍ॅलेनबी जिंकला तर त्याने पदवीतच मगिद्दो लावून घेतलं.

एवढ्या जुन्या जागा आज नेमक्या कुठे आहेत हे कळलं कसं?

मुख्य म्हणजे गावकऱ्यांना विचारून. १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन अभ्यासक आणि अरबी उत्तम येणारा मिशनरी एलाय स्मिथ घोड्यावरून फिरले आणि अरब शेतकऱ्यांना नावं विचारत गेले. अनाता म्हणजे अनाथोथ, जबा म्हणजे गेबा, मुखमास म्हणजे मिखमाश, बैतीन म्हणजे बेथेल, अल-जीब म्हणजे गिबोन. राज्यं गेली, धर्म बदलले, भाषा बदलली आणि नाव शेतकऱ्याने सांभाळलं. अल-जीबला १९५६पासून उत्खनन झालं तेव्हा मडक्यांच्या कानांवर हिब्रूत कोरलेलं 'गिबोन' निघालं, म्हणजे अंदाज बरोबर. गेजेरचं तर आणखी भारी, तिथे शेताच्या कडेला खडकावर कोरलेलं सापडलं, 'गेजेरची हद्द'.

सगळीकडे असं नशीब नाही. पनीएल, महनाइम यांच्या जागांवर अजून वाद आहेत.

तेल अवीव बायबलमध्ये आहे का?

नाव आहे, शहर नाही. यहेज्केल ३:१५मध्ये बाबेलातल्या बंदिवानांची वस्ती तेल-अबीब, अक्कादीत 'तिल अबूबी', म्हणजे पुराने झालेलं टेकाड, हिब्रूत ऐकलं तर वसंताचं टेकाड. यहुद्यांचा स्वतंत्र देश हवा म्हणून चळवळ उभारणाऱ्या हर्झलच्या जर्मन कादंबरीच्या हिब्रू भाषांतराला हे नाव दिलं गेलं, तिथून १९१०मध्ये नव्या शहराने घेतलं. पेताह तिकवा (१८७८) म्हणजे आशेचं दार, होशेयमधून. रहोबोथवरून रेहोवोत, १८९०, पण इसहाकाच्या विहिरीपासून लांब.

घराला बायबलमधलं नाव द्यायचंय, कुठलं देऊ?

बेथेल, हेर्मोन, एबेनेजर (साहाय्याचा दगड) चालतात. रहोबोथ मला फार आवडतं, विशेषतः सोसायटीतली भांडणं संपवून नवीन घर घेतलं असेल तर. बेथानी देताना एवढं माहीत असू द्या की त्याचा एक अर्थ गरिबाचं किंवा दुःखाचं घर असा लावतात. अखोर (संकट) आणि मारा नको.

मुंबईचं सायन म्हणजे सियोन का?

पोर्तुगीज पाद्र्यांनी सियोन डोंगरावरून नाव दिलं अशी गोष्ट सांगतात. स्टेशनच्या पाटीवर मराठीत शीव लिहिलंय आणि शीव म्हणजे हद्द, मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची ती जागा, हेच सरळ आहे. आवाज जुळला म्हणून गोष्ट जन्मली, म्हणजे बाबेलचीच रीत आपल्या सेंट्रल लाइनवर. खुद्द सियोनच्या अर्थावर एकमत नाही, किल्ला किंवा कोरडी जागा अशी मतं आहेत.

बेने इस्राएल लोकांची आडनावं पण गावांवरून आहेत ना, त्यांचा या नावांशी काही संबंध?

कोकणातले हे मराठी बोलणारे यहुदी, आडनावं पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमवरून केहिमकर, नवगावकर. नावात गाव ठेवायची सवय इथल्या मातीची आहे, पण प्रार्थनेत गाव यरुशलेम. पनवेलच्या सिनेगॉगचं नाव बेथ एल, म्हणजे याकोबाचा तो दगड थेट रायगड जिल्ह्यात येऊन बसला. आणि इस्राएलला गेलेल्यांपैकी बरेच जण बैर-शेबा, दिमोना, अश्दोद या भागात स्थायिक झाले, तेव्हा अब्राहामाच्या विहिरीच्या गावात आज मराठीही ऐकू येते.

बायबलमध्ये भारताचं नाव आहे का?

आहे, एस्तेरच्या पुस्तकात पहिल्याच वचनात. अहश्वेरोश राजाचं राज्य 'होदू'पासून कूशपर्यंत, १२७ प्रांत. होदू म्हणजे आपल्या सिंधूचं जुन्या फारसीत झालेलं हिंदू, आणि हिब्रूत येता येता त्यातला न गळाला. मराठी बायबलमध्ये सरळ हिंदुस्थान असल्याने हे लक्षातच येत नाही. आजच्या हिब्रूतही भारताला होदूच म्हणतात. योगायोगाने 'होदू' म्हणजे 'उपकारस्तुती करा' असाही शब्द आहे, स्तोत्र १३६ त्यानेच सुरू होतं, त्यामुळे त्यावर विनोद भरपूर. आणि टर्की पक्ष्याला हिब्रूत 'तर्नेगोल होदू' म्हणतात, भारताचा कोंबडा, तो आला अमेरिकेतून आणि नाव लागलं आपलं.